वृक्षनिगेच्या व्यवसायासाठी ट्रकची निवड

शहरातील झाडांची छाटणी करणे, वाळलेल्या व रोगट फांद्या उतरविणे, धोकादायक झालेले झाड टप्प्याटप्प्याने खाली घेणे आणि काम संपल्यावर जागा स्वच्छ करून देणे, या सर्वांना मिळून वृक्षनिगा असे म्हणता येईल. या व्यवसायात शिरणाऱ्या माणसाचे लक्ष प्रथम दोर, करवती, शिड्या व झाडावर चढणारे कुशल कामगार यांच्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. गाडीचा विचार बहुधा शेवटी होतो. परंतु दिवसभराच्या वेळेचा हिशेब मांडला, तर झाडावर जितका वेळ जातो तितकाच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, वेळ खाली पडलेला माल गोळा करणे, भरणे, वाहून नेणे व रिकामा करणे यांत जातो असे दिसून येईल. गाडी लहान पडली तर पाच माणसे रस्त्याच्या कडेला तिची वाट पाहत बसतात. अवाजवी मोठी घेतली तर ती गल्लीच्या तोंडाशी अडते. या दोन्हींपेक्षा गंभीर अशी तिसरी चूक म्हणजे दिसायला रिकामी वाटणारी गाडी प्रत्यक्षात तिच्या शक्तीबाहेर भरलेली असणे. या प्रकरणाचा बराचसा भाग तिसऱ्या चुकीविषयी आहे.

झाडावरून खाली येणारा माल तीन रूपांत ट्रकमध्ये चढतो. पहिले रूप पानांसह तोडलेल्या डहाळ्यांचे. त्या एकमेकींत अडकतात, मध्ये पोकळी राहते, आणि पायाने दाबून भरल्या तरी एका घनमीटरात त्यांचे वजन साधारणपणे शंभर ते दीडशे किलोग्रॅमच्या पलीकडे जात नाही. दुसरे रूप यंत्रातून काढलेल्या लाकडी चुऱ्याचे. ओल्या फांद्यांचा ताजा चुरा घनमीटरला तीनशे ते चारशे किलो भरतो. तिसरे रूप ओंडक्यांचे. ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचा अंश मोठा असतो. जातीप्रमाणे फरक पडतो हे खरे. तरी भरीव ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला 800 ते 1,100 किलो, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकेच, धरावे लागते. रचलेल्या ओंडक्यांमधील फटी वजा केल्या तरी हौद्यातील एका घनमीटरात साडेसहाशे किलो सहज बसतात.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट करू. आपल्याकडे 1986 पासून टाटा 407 या नावाने परिचित झालेल्या वर्गातील एक गाडी घेऊ. तिचा हौदा तीन मीटर लांब व 1.8 मीटर रुंद आहे, आणि फाळक्यांवर जाळी बसवून त्याची उंचीही 1.8 मीटर केली आहे, असे समजू. घनफळ सुमारे पावणेदहा घनमीटर झाले. हौद्याचे वजन वजा जाता ती दोन टन माल वाहू शकते असे धरू. यातून कामगार, करवती, दोर, शिड्या, इंधनाचे डबे आणि पिण्याचे पाणी यांचे मिळून पाचशे किलो वजा केले की मालासाठी दीड टन उरतो. डहाळ्या असतील तर हा हौदा काठोकाठ भरला तरी वजन दीड टनाच्या आतच राहील. चुरा असेल तर सुमारे 80 सेंटिमीटर उंचीपर्यंत, म्हणजे निम्म्याहूनही कमी, भरताच मर्यादा संपते. काठोकाठ भरल्यास भार जवळजवळ साडेतीन टनांवर जातो. ओंडके असतील तर अवघ्या हातभर उंचीच्या थराने गाडी पूर्ण भरली असे समजावे. वरची मोकळी जागा पाहून आणखी एक थर चढविण्याचा मोह मुकादमाला होतो आणि तेथेच अपघाताची तयारी होते.

यावरून हे ध्यानात येईल की वृक्षनिगेच्या ट्रकला दोन वेगवेगळ्या मापांनी मोजावे लागते. डहाळ्यांसाठी त्याचे घनफळ महत्त्वाचे, ओंडक्यांसाठी त्याची वहनक्षमता. विक्रेता यांपैकी एकच माप सांगतो, आणि तेही बहुधा हौद्याविना असलेल्या चौकटीचे. ‘किती टनांची गाडी?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर म्हणूनच अपुरे असते. नोंदणी-पुस्तकातील एकूण भारित वजनातून गाडीचे प्रत्यक्ष रिकामे वजन वजा करावे, आणि हे रिकामे वजन हौदा, जाळी, हत्यारपेट्या व इतर सर्व जोडण्या बसवून झाल्यावर वजनकाट्यावर करून घ्यावे. पोलादी हौदा, हौदा उलटविणारी यंत्रणा, ओंडके उचलणारा छोटा यारी-हात यांपैकी प्रत्येक वस्तू वहनक्षमतेतून आपला वाटा कापून घेते. उचलण्याची सोय व्हावी म्हणून बसविलेल्या यारीमुळे उचललेले नेताच येऊ नये, असे घडलेले पाहावयास मिळते.

कोणता माल अधिक निघेल हे शहरावर अवलंबून असते. 1911 नंतर उभारल्या गेलेल्या नवी दिल्लीच्या रस्त्यांवर कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच यांच्या रांगा आहेत. तेथे जुने झाड उतरवावयाचे म्हणजे जड लाकूड हे ठरलेलेच. मुंबई व बंगळूर येथील पर्जन्यवृक्षांचा पसारा आडवा व प्रचंड असतो. छाटणीतून डहाळ्यांचे ढीग निघतात आणि मोठी फांदी निघाली तर ती एखाद्या मध्यम झाडाच्या खोडाएवढी असते. गोवा, केरळ व कोकणच्या किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या हेच मुख्य काम. झावळी हलकी, पण चार-पाच मीटर लांब. तीन मीटरच्या हौद्यात ती तोडल्याशिवाय मावत नाही. अशा ठिकाणी वजन वाहणाऱ्या गाडीपेक्षा लांब व हलक्या हौद्याची गाडी उपयोगी पडते. म्हणून नवागताने गाडी विकत घेण्याची घाई करू नये. एक संपूर्ण हंगाम, विशेषतः पावसाळ्यापूर्वीचे एप्रिल-मे हे छाटणीचे महिने, भाड्याच्या गाड्यांवर काढावेत आणि प्रत्येक खेपेचा माल, वजन, अंतर व लागलेला वेळ वहीत टिपून ठेवावा. ही वही कोणत्याही विक्रेत्यापेक्षा चांगला सल्ला देते.

ओंडक्याच्या वजनाविषयी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नजर येथे हमखास फसते. 60 सेंटिमीटर व्यासाच्या व एक मीटर लांबीच्या ओल्या ओंडक्याचे वजन अडीचशे ते पावणेतीनशे किलो होते. व्यास दीडपट, म्हणजे 90 सेंटिमीटर, झाला तर वजन दीडपट होत नाही. ते सव्वादोन पट होते, कारण ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाहणाऱ्याला मात्र दुसरा ओंडका ‘थोडा जाड’ एवढेच वाटते. असा ओंडका चार माणसांनी खांद्याच्या उंचीवर उचलावा अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. म्हणून हौद्याचा तळ जमिनीपासून जितका कमी उंच तितका बरा, मागचा फाळका पूर्ण खाली पडणारा असावा, आणि दोन भक्कम फळ्यांवरून ओंडका गडगडवत वर घेता यावा. मोठ्या ट्रकचा तळ उंच असतो. त्याच्या वाढीव वहनक्षमतेचा लाभ यारी नसेल तर पाठदुखीच्या रूपाने वजा होतो.

भार कोठे ठेवला यालाही तितकेच महत्त्व आहे. जड ओंडका मागील चाकांच्या आसेच्या मागे ठेवला, तर तो तराफ्यासारखा पुढची बाजू उचलू पाहतो. पुढच्या चाकांवरील दाब कमी होतो आणि सुकाणू हलके पडते. उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर गाडी वळविल्याप्रमाणे वळत नाही. ओंडके प्रथम, केबिनच्या भिंतीला टेकवून व साखळीने आवळून ठेवावेत. डहाळ्या त्यांच्यावर व मागे याव्यात. काम करताना नेमका उलटा क्रम पडतो, कारण झाडावरून आधी डहाळ्या येतात आणि खोड शेवटी. त्यामुळे मोठे झाड उतरविण्याच्या दिवशी दोन खेपांची योजना आधीच करणे शहाणपणाचे ठरते. पहिली खेप डहाळ्यांची, दुसरी ओंडक्यांची.

आता कायद्याकडे वळू. गाडीचा आकार ठरविण्यात चालकाच्या परवान्याचा वाटा किती मोठा असतो, हे परदेशांतील अनुभवावरून कळते. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालविता येत असे. त्यानंतरच्यांना साध्या परवान्यावर साडेतीन टनांचीच मुभा राहिली. परिणामी तेथील वृक्षनिगा करणाऱ्यांची नेहमीची गाडी साडेतीन टनांची झाली. स्वतःचे वजन, चुऱ्याचा हौदा, माणसे व हत्यारे वजा जाता तिच्यात जेमतेम एक टन माल बसतो, आणि चुऱ्याने ती भरली की सहज मर्यादा ओलांडते. अमेरिकेत ही रेषा 26,000 पौंडांवर, म्हणजे सुमारे 11.8 टनांवर, आहे. तिच्यापुढे व्यावसायिक चालकाचा वेगळा परवाना लागतो. म्हणून तेथे नेमक्या याच वजनाच्या, किंवा त्याहून किंचित कमी नोंदविलेल्या, गाड्या या धंद्यात मोठ्या संख्येने दिसतात. भारतात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा 7,500 किलोग्रॅम आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने तितक्या भारित वजनाची मालवाहू गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न अनेक वर्षे न्यायालयांत होता. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही असा निर्णय दिला. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला चालक मिळणे सोपे असते. त्यापलीकडे गेल्यास जड वाहनाचा चालक कायम पगारावर ठेवावा लागतो, आणि तो आजारी पडला की काम थांबते.

मर्यादेपेक्षा अधिक भार नेण्याबद्दल मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये असा दंड ठरविला. दंड हा भाग तुलनेने किरकोळ आहे. जादा भाराने ब्रेक तापतात, कमानपाटे तुटतात, टायर फुटतात, आणि थांबण्यास लागणारे अंतर नेमके गर्दीच्या वेळी वाढते. याच जोडीला एका सर्रास चालणाऱ्या प्रथेचा उल्लेख केला पाहिजे. काम संपल्यावर कामगार भरलेल्या डहाळ्यांच्या ढिगावर बसून परत निघतात. एक वळण, एक खड्डा किंवा रस्त्यावर लोंबणारी एक तार यांनी त्यांचा जीव जाऊ शकतो. ज्याला पाच माणसांना घेऊन काम करावयाचे आहे त्याने दुहेरी केबिनची गाडी घ्यावी, किंवा माणसांसाठी दुसरे लहान वाहन ठेवावे. दुहेरी केबिनमुळे हौद्याची लांबी कमी होते हे मान्य आहे. तरीही ही किंमत मोजावी असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

फांद्यांचा चुरा करणारे यंत्र ठेवले तर गाडीचे गणितच बदलते. डहाळ्यांचा ढीग चुऱ्यात पाच ते दहा पटींनी आटतो, खेपा कमी होतात, आणि चुरा झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरता येतो. टाकण्याची जागा पंधरा किलोमीटर दूर असेल आणि गर्दीत जाण्यायेण्यास दोन तास लागत असतील, तर दिवसाच्या दोन खेपा वाचविणे म्हणजे चार तास वाचविणे होय. मात्र हे यंत्र ओढून न्यावयाचे असल्यास गाडीची ओढण्याची क्षमता व जोडणीवर पडणारा भार पाहिला पाहिजे. अनेक शहरांत ट्रॅक्टर व त्याची ट्रॉली या कामाला लावलेली दिसते. ट्रॅक्टर स्वस्त पडतो व यंत्रालाही शक्ती पुरवितो. परंतु शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाडोत्री कामावर वापरणे नियमात बसत नाही, हे विसरू नये.

इंजिनच्या शक्तीवर उंच मंच किंवा हौदा उलटविणारी यंत्रणा चालवावयाची असल्यास आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणमान लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी वेगाने धावताना तापलेल्या धुराने ती आपोआप साफ होते. उभ्या जागी तासन्‌तास मंद गतीने इंजिन चालू ठेवले, तर मात्र काजळी साचत जाते. अशा कामाच्या गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगली दौड द्यावी, किंवा निर्मात्याने सांगितलेली उभ्या स्थितीतील सफाई वेळेवर करावी. जुने मिस्त्री ‘इंजिन चालू राहू द्या, बंद-चालू करू नका’ असा सल्ला देतात. तो जुन्या इंजिनांसाठी योग्य होता, या इंजिनांसाठी नाही.

उंच मंचाच्या गाडीविषयी स्वतंत्र प्रकरणच लिहावे लागेल. येथे दोनच मुद्दे. काम सुरू करण्यापूर्वी ती चार आधारपायांवर उभी राहते, आणि एकेका पायावर कित्येक टनांचा भार येऊ शकतो. तीन टनांचा भार 30 सेंटिमीटर चौरस पायावर आला, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोंहून अधिक दाब पडतो. त्याखाली 60 सेंटिमीटर चौरस जाड फळी ठेवली तर तो चौथा हिस्सा होतो. आपल्या शहरांत पदपथाच्या फरशीखाली बहुधा गटार असते. आधारपाय गटाराच्या झाकणावर टेकविला आणि झाकण फुटले, तर मंचावरील माणसासह गाडी कलंडते. म्हणून जागा निवडण्यापूर्वी फरशीखाली काय आहे याची चौकशी करावी. दुसरा मुद्दा विजेचा. मंचाचा हात पोलादी असो वा विद्युत्‌रोधक, वीजवाहिनीजवळचे काम वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याचे लेखी कळविल्यावरच करावे. उलटणारा हौदाही वर उचलताना तारेला लागू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गाडीचा सर्वांत अनपेक्षित बळी कधीकधी स्वतः झाडच असते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरात पसरलेली असतात, आणि त्यांचा विस्तार फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर जातो. बागेतील ओल्या मातीवरून भरलेला ट्रक एकदा गेला, तरी मातीतील हवेच्या पोकळ्या दबून जातात. पाणी मुरत नाही, मुळांना श्वास मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळू लागतो. तोपर्यंत ट्रकची आठवण कोणालाच राहिलेली नसते, व दोष कीड किंवा दुष्काळ यांच्यावर येतो. ज्याची निगा राखण्यासाठी गेलो त्याच झाडाला अशा रीतीने मारणे हे या व्यवसायाचे अपयश होय. मोठी गाडी पक्क्या रस्त्यावरच उभी करावी आणि माल हातगाडीने तिथवर आणावा. हे शक्यच नसेल तर पावसाळा संपून जमीन कोरडी होईपर्यंत थांबावे, किंवा चुऱ्याचा जाड थर पसरून त्यावर फळ्यांची वाट करावी. या एका कारणासाठीसुद्धा, एका मोठ्या गाडीऐवजी एक मध्यम ट्रक आणि एक छोटा टेम्पो अशी जोडी अनेक व्यावसायिकांना अधिक सोयीची वाटते.

छोट्या गाडीचा उपयोग आणखीही आहे. पुण्यातील जुन्या पेठा, अहमदाबादच्या पोळा, जुन्या दिल्लीतील गल्ल्या यांत मोठा ट्रक वळतच नाही. 2005 पासून बाजारात आलेल्या टाटा एससारख्या गाडीत जेमतेम पाऊण टन माल मावतो, पण ती दारापर्यंत जाते आणि मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत माल पोचविते. डिसेंबर 2016 मध्ये वरदा वादळाने चेन्नईत आणि मे 2020 मध्ये अम्फान वादळाने कोलकात्यात हजारो झाडे पाडली. अशा प्रसंगी रस्तेच बंद झालेले असतात. आधी करवती व माणसे घेऊन आत शिरणारी छोटी गाडी हवी, आणि मार्ग मोकळा झाल्यावर ओंडके नेणारी मोठी.

जुनी गाडी विकत घेण्यात कमीपणा नाही. या धंद्यातील पुष्कळांची सुरुवात तशीच होते. मात्र रंग पाहून भुलू नये. ओल्या फांद्यांचा रस व पाणी हौद्याच्या फळ्यांखाली साचते आणि चौकटीच्या लांब तुळया आतून गंजतात, म्हणून हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. तुळईवर डाग देऊन जोडलेले ठिगळ दिसले तर ती गाडी पूर्वी जादा भाराने वाकली असावी असे समजावे. कमानपाट्यांत नंतर घातलेले जादा पाटेही तीच गोष्ट सांगतात. पाटे वाढविल्याने गाडी बसत नाही, परंतु आस, ब्रेक व चौकट यांची शक्ती त्याने तिळमात्र वाढत नाही. कागदावरील वहनक्षमता तर मुळीच नाही. नोंदणीत दाखविलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल केलेला असेल, तर तो निस्तरण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.

कागदपत्रांत गाडीचीच कागदपत्रे पुरेशी नसतात. महाराष्ट्रात 1975 चा, कर्नाटकात 1976 चा आणि दिल्लीत 1994 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. छाटणीच्या किंवा तोडीच्या परवानगीची प्रत चालकाजवळ असावी. भारतीय वन अधिनियम, 1927 खाली राज्यांनी केलेल्या नियमांनुसार काही जातींच्या लाकडाला वाहतूक-परवाना लागतो व काहींना सूट असते. साग किंवा चंदनाचा एखादा ओंडका इतर लाकडांत मिसळून गेला, तर अडकते ती गाडी.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक काम करून टाकावे. रिकामी गाडी माणसे व हत्यारांसह वजनकाट्यावर न्यावी. मग एकदा चुरा भरून आणि एकदा ओंडके भरून पुन्हा वजन करावे. मर्यादा गाठली जाते त्या उंचीवर हौद्याच्या आतील बाजूस दोन ठळक पट्टे रंगवावेत, खालचा ओंडक्यांचा व वरचा चुऱ्याचा. डहाळ्यांसाठी पट्ट्याची गरज नाही, जाळीचा काठ हीच त्यांची सीमा. पट्ट्यांचा रंग प्रत्येक पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो, कारण ओंडक्यांच्या घर्षणाने खालचा पट्टा सर्वांत आधी पुसला जातो.